निसर्गवेड्या मुलाचा वाढदिवस: कशाच्या आधी काय

मुलाला किडे, पानं, पक्षी आवडतात म्हणून आईबाबा ‘जंगल थीम’ ठरवतात. भिंतीवर प्लास्टिकच्या वेली चढतात, कापडी वाघ येतो, हिरवे फुगे लागतात, पंचवीस-तीस पोरं जमतात. आणि उत्सवमूर्ती दाराबाहेर उकिडवी बसून मुंग्यांची रांग बघत असते. तिला आत ओढून आणावं लागतं, मग रडारड. हे इतक्या घरांत होतं की मुलाच्या स्वभावात दोष शोधायचं कारणच नाही.

गडबड क्रमात असते. आधी पाहुण्यांची यादी होते, मग सजावट, मग केक, आणि शेवटच्या दोन दिवसांत प्रश्न पडतो की मुलांना करायला काय द्यायचं. इथे क्रम उलटा आहे. मूल काय करतं ते आधी बघायचं, त्यावरून जागा आणि वेळ ठरवायची, जागेवरून पाहुण्यांची संख्या, आणि सजावट जमली तर. चार ते आठ वर्षांची मुलं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. तयारीला चार आठवडे धरा. तेवढे नसतील तर रोपांचा टप्पा गाळा, पण बाकीचा क्रम मोडू नका.

१. चार आठवडे आधी: मूल नक्की काय करतं ते बघा

‘त्याला निसर्ग आवडतो’ एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. एखादं मूल दिसेल तो दगड खिशात घालतं. दुसरं हलणाऱ्या प्रत्येक जिवामागे पळतं. तिसऱ्याला माती आणि पाणी एकत्र करायचं असतं, बाकी कशाशी देणंघेणं नसतं. चौथं नावं पाठ करतं आणि भेटेल त्याला ऐकवतं. या चौघांचे वाढदिवस चार तऱ्हांचे होतील. वेचणाऱ्या मुलाला पक्षी बघायला नेलंत, तर ते सगळा वेळ खाली बघत चालेल आणि तुम्ही ‘अरे, वर बघ ना’ म्हणत राहाल.

आठवडाभर मूल बाहेर असताना ते काय करतं, एवढंच टिपून ठेवा. ‘पानं उलटी करून बघतो’, ‘डबक्यात काठी घालून ढवळते’, ‘मेलेली माशी उचलून आणली’ अशा नोंदी पुरतात. मध्ये बोलू नका, काही सुचवू नका. आपण सुचवायला लागलो की मूल आपल्या आवडीचं करायला लागतं.

‘वाढदिवसाला काय करूया?’ असं सरळ विचारण्यात अर्थ नाही. मूल नुकतंच ज्या वाढदिवसाला जाऊन आलं असेल, तेच मागेल. तुमच्या नोंदींतून दोन पर्याय काढा आणि त्यांतलं एक निवडायला द्या: ‘झुडपांखालचे किडे शोधायचे की बिया लावायच्या?’

तपासा: ‘आमच्या मुलाला ____ करायला आवडतं’ या वाक्यात तुम्हाला क्रियापद भरता आलं पाहिजे. ‘फुलपाखरं’ एवढंच सुचत असेल तर अजून चार दिवस बघा. ती पकडायला आवडतात, मोजायला की चितारायला, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

२. तीन आठवडे आधी: जागा आणि घटका

संध्याकाळी पाचची वेळ मोठ्यांच्या सोयीची असते. किड्या-पाखरांचं वेळापत्रक वेगळं असतं आणि इथे त्यांचं ऐकावं लागतं.

पक्षी सगळ्यात जास्त हालचाल करतात ती सूर्योदयानंतरच्या दोन तासांत. फुलपाखरांना आणि चतुरांना उडण्याआधी अंग तापवावं लागतं, त्यामुळे ती ऊन चांगलं चढल्यावरच दिसतात. ढगाळ सकाळी हिरमोड ठरलेला. गोगलगाई, गांडुळं, बेडूक यांना ओल लागते, म्हणून पाऊस पडून गेल्यावर किंवा दिवेलागणीला. पतंग अंधार पडल्यावर. दगड, पानं, बिया, माती मात्र कधीही तयार असतात, म्हणून पहिल्यांदाच असा वाढदिवस करणाऱ्यांनी यांतलंच काही निवडावं. मुलाच्या झोपेची आणि भुकेची वेळही या हिशेबात धरा. दुपारी झोपणाऱ्या मुलाला दोन वाजता कुठल्याही फुलपाखराचं कौतुक नसतं.

घटका ठरली की जागा बघायला जा. ज्या वाराला, ज्या वेळी वाढदिवस आहे, त्याच वाराला त्याच वेळी जा. कामाच्या दिवशी सकाळी ओस असलेली बाग सुट्टीच्या संध्याकाळी गजबजलेली असते. तिथे गेल्यावर मुलाच्या उंचीवर खाली बसून बघा. उभ्याने दिसत नाही ते बसल्यावर दिसतं: तुटलेली काच, गंजलेली तार, वारुळ, काटेरी फांदीचं टोक नेमकं डोळ्यांच्या पातळीवर.

जागा लांबची आणि देखणी हवी असं काही नाही. सावली, जवळ शौचालय, हात धुण्याइतकं पाणी, वाहनांपासून अंतर आणि थोडा न झाडलेला कोपरा, एवढं मिळालं तर इमारतीमागची मोकळी जागाही चालते. तो न झाडलेला कोपरा सगळ्यात महत्त्वाचा. पाचोळा, पडका ओंडका, दगडांची रास जिथे असते, तिथेच बघण्यासारखं काही असतं. टापटीप हिरवळीवर मुलांना दहा मिनिटांत कंटाळा येतो.

सार्वजनिक बागेत गट घेऊन जायला परवानगी लागते का, ते आधी विचारा. संरक्षित क्षेत्रात तर पान, दगड, पीस यांपैकी काहीच उचलता येत नाही. वेचणाऱ्या मुलासाठी ती जागा बाद समजा.

सावधान, पाणी: लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना ओरडत नाही. जवळ तळं, हौद किंवा ओढा असेल तर एका मोठ्या माणसाला फक्त पाण्याकडे लक्ष ठेवायला नेमा. त्याच्या हातात फोन नको आणि दुसरं कसलंही काम नको. ‘आम्ही सगळे आहोत की’ म्हणजे कोणीच नाही.

सावधान, झाडं: कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो आणि ती बागेत सर्रास लावलेली असते. घाणेरीची हिरवी फळं, धोतरा, एरंडाच्या बिया यांकडे लक्ष ठेवा. गुंजेचा लाल-काळा दाणा मुलांना फार मोहात पाडतो आणि माळांतही ओवलेला असतो; तो चावला गेला तर जिवावर बेतू शकतं. खाजकुइलीच्या शेंगा असतील तर ती जागाच सोडा. ओळख पटत नाही अशा झाडाचं काहीही मुलांच्या हातात द्यायचं नाही, हा साधा नियम ठेवा.

सावधान, पोळी: झाडांवर, छताच्या कडेला वर बघा. मधमाश्यांचं किंवा गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं तर दुसरी जागा. ‘लांब आहे, काही होत नाही’ असं म्हणू नका. मुलांनी भरलेल्या बागेत कोणीतरी दगड मारतोच.

पावसाची किंवा कडक उन्हाची सोय याच टप्प्यावर करा. इथे नेहमीची चूक म्हणजे ‘पाऊस आला तर घरी सिनेमा लावू’. छताखाली तेच काम करता आलं पाहिजे: आदल्या दिवशी आणून ठेवलेली पाचोळ्याची टोपली, ताटं, भिंगं. मेघगर्जना ऐकू आली तर मात्र चर्चा नको. सगळ्यांना पक्क्या इमारतीत न्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर काढू नका.

३. पाहुणे: आकडा जागेवरून काढा

सहा वर्षांखालच्या तीन-चार मुलांमागे एक मोठा माणूस, असा हिशेब ठेवा. घरातले दोघे आणि एखादी मावशी किंवा काका धरले तर उत्सवमूर्तीसकट आठ-नऊ मुलं होतात, आणि खरं तर सहाच बरी. एका ओंडक्याभोवती सहा डोकी मावतात. सातव्याला दिसत नाही, मग ढकलाढकली, मग गोगलगाय पायाखाली.

‘वर्गातल्या सगळ्यांना बोलवायलाच हवं’ असं वाटत असेल तर त्यांच्यासाठी वेगळ्या दिवशी शाळेत काहीतरी छोटं करा. दोन्ही एकत्र करू नका. एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्मी कटकट टळते.

निमंत्रणात पत्ता आणि वेळ यांपेक्षा जास्त लिहावं लागतं. व्हॉट्सॲपवर असं काही पाठवा:

‘आम्ही बाहेर, मातीत, किडे आणि पानं बघणार आहोत. कपडे मळतील, जुने, पूर्ण बाह्यांचे घाला. पाय झाकणारे बूट हवेत, चपला नकोत. एक जादा कपड्यांचा जोड द्या. कशाची ॲलर्जी आहे का, मधमाशी चावल्यावर कधी जास्त त्रास झाला आहे का, कशाची भीती वाटते का, ते कळवा. अत्तर किंवा सेंट लावू नका. भेटवस्तू आणायचीच असेल तर प्लास्टिकचं खेळणं नको.’

‘भीती वाटते का’ हा प्रश्न गाळू नका. किड्यांना घाबरणारं एक मूल असतंच. त्याला ‘घाबरतोस काय’ म्हणून भिंगापाशी ओढायचं नसतं. त्याच्याकडे नोंदी ठेवायचं काम द्या. लांब उभं राहून ‘आणखी एक सापडला’ असं लिहिणारा कारकून लागतोच, आणि बहुतेक वेळा तोच हळूहळू जवळ येतो.

तपासा: प्रत्येक पालकाचा फोन नंबर, ॲलर्जीचं उत्तर आणि कोण थांबणार, कोण सोडून जाणार, हे एका कागदावर आलं का? उत्तर न आलेल्यांना फोन करा.

४. दोन आठवडे आधी: रोपं पेरा

न्यायला रोप द्यायचं असेल तर उलटं मोजा. मुळा तीन ते पाच दिवसांत उगवतो, झेंडू पाच ते सातमध्ये, सूर्यफूल सात ते दहामध्ये. वाढदिवसाला सूर्यफुलाचं दोन खरी पानं असलेलं रोप हवं असेल तर दोन आठवडे, आणि थंडी असेल तर तीन आठवडे आधी बी मातीत गेलं पाहिजे. मुलं जितकी, त्याच्या दुप्पट पेरा. काही उगवणार नाहीत, काही गोगलगाई खातील, एक उत्सवमूर्ती उपटून बघेल.

कागदी पेले घ्या आणि तळाला भोकं पाडा. भोकं विसरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पाणी साचतं, मुळं कुजतात आणि दोष बियांना लागतो. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पुरा. माती ओलसर ठेवा, चिखल नको. उगवल्याबरोबर उजेडात ठेवा, नाहीतर रोपं लांबुळकी होऊन आडवी पडतात.

‘रानफुलांच्या बियांचं मिश्रण’ म्हणून मिळणारी पाकिटं टाळा. आत नेमकं काय आहे ते बहुतेकदा लिहिलेलं नसतं, आणि परक्या मुलखातलं तण आपणच मोकळं सोडण्याची भीती असते.

मूग मात्र एक-दोन दिवस आधी ओल्या फडक्यात बांधले तरी चालतात. वाढदिवसाला फडकं उघडलं की पांढरं मूळ बाहेर डोकावताना दिसतं. पाच वर्षांच्या मुलाला ते पेल्यातल्या रोपापेक्षा जास्त आवडतं.

५. आठवडाभर आधी: साहित्य

दोन-तीनपट मोठं दाखवणारं, मोठ्या काचेचं भिंग मुलांना जमतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवून धरावं लागतं आणि वस्तू काही सेंटिमीटरवर आणावी लागते. सात-आठ वर्षांखाली ते फारसं साधत नाही. दोघांत एक भिंग पुरतं. दुर्बीण सहा वर्षांखाली बहुधा भांडणाचं कारण होते. घेतलीच तर सहा किंवा आठपट दाखवणारी, हलकी घ्या. भिंगातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही, हे दर वेळी सांगा. भिंग पाचोळ्यावर उन्हात ठेवूनही जायचं नाही.

बाकी पांढरी चादर, पांढरी उथळ ताटं, मऊ रंगकामाचे ब्रश, रुंद तोंडाच्या पारदर्शक बरण्या, गुळगुळीत काचेचं झाकण, पिण्याचं आणि हात धुण्याचं पाणी वेगवेगळ्या डब्यांत, साबण, जुने पंचे, प्रथमोपचाराची पेटी. किडा चिमटीत धरला की पाय तुटतो. ब्रशाने हलकेच ढकलून बरणीत घ्यायचा, म्हणून ब्रश.

फुगे नकोतच. फुटलेला किंवा न फुगवलेला रबरी फुगा लहान मुलाच्या घशात अडकतो, आणि उडून गेलेला कुठल्या तरी प्राण्याच्या पोटात जातो. चमकी आणि कागदी तुकड्यांचा भुगाही नको; तो मातीतून वेचून काढता येत नाही. सजावट हवीच असेल तर मुलाने आधीच्या आठवड्यात वेचलेली पडलेली पानं दोऱ्याला बांधा. अर्ध्या तासाचं काम आहे, त्यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

६. वाढदिवसाचा दिवस: दोन तास, पाच भाग

दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. तिसऱ्या तासात काहीही चांगलं घडत नाही.

पहिली पंधरा मिनिटं, येतील तसं. सगळे जमेपर्यंत मुलांना नुसतं उभं ठेवू नका. पानांचे ठसे घ्यायला बसवा. पान पालथं ठेवायचं, म्हणजे शिरा वर येतात. त्यावर पातळ कागद आणि मेणखडू आडवा धरून हलका फिरवायचा. खडू उभा धरला की कागद फाटतो. उशिरा येणारं मूल मध्येच सहज सामील होतं.

पाच मिनिटं, तीन नियम. तीनच, जास्त लक्षात राहत नाहीत: जे उचलू ते जागेवर परत ठेवायचं, काहीही तोंडात घालायचं नाही, मोठा माणूस दिसेल इतकंच लांब जायचं. प्रत्येकाकडून एकदा म्हणवून घ्या.

चाळीस मिनिटं, शोध. इथेच खरा वाढदिवस आहे, म्हणून जरा सविस्तर.

झुडपाखाली पांढरी चादर पसरा आणि एका मोठ्याने फांदी हळूच दोन-तीनदा हलवावी. कोळी, अळ्या, ढालकिडे, नाकतोड्याची पिल्लं चादरीवर पडतात. लगेच नावं सांगायला धावू नका. पाय मोजायला लावा. सहा असतील तर कीटक, आठ असतील तर कोळ्यांचा गोतावळा. मग अळी दाखवा. मुलं बारा, चौदा म्हणतील. पुढचे सहा खरे पाय. मागचे मऊ, धरून ठेवण्यापुरते, मोठेपणी नाहीसे होणारे. यावर मुलं हमखास वाद घालतात. घालू द्या.

ओंडका किंवा दगड उचलताना लांबची कड आपल्याकडे खेचत उचला, म्हणजे उघडणारी फट पलीकडे तोंड करते आणि आतून काही निघालंच तर ते तिकडे जातं. हे काम मोठ्यांचंच. खाली गोलसर, सावकाश चालणारा, हात लावताच वेटोळं करणारा वाणी असेल तर तो ताटात घेऊन बघता येतो. त्याच्या जवळजवळ प्रत्येक कड्याला पायांच्या दोन जोड्या असतात. चपटी, सुळकन पळणारी ती गोम. तिला एका कड्याला एकच जोडी असते आणि ती चावते. तिला जाऊ द्या. वाणीच्या अंगातून झोंबणारा द्रव येतो, त्यामुळे नंतर डोळे चोळू न देता हात धुवा. ओंडका जसा होता तसा परत ठेवा, खालचे जीव आधी बाजूला घेऊन.

गोगलगाय सापडली तर तिला बोटांनी उचलू नका. काचेच्या झाकणावर चढू द्या आणि झाकण वर धरून खालून बघा. तिच्या पायाखालून लाटा सरकताना दिसतात. सगळ्या कार्यक्रमात मुलं सर्वांत शांत होतात ती बहुधा याच मिनिटाला. गांडूळ धरायचं तर हात ओले करून. ते त्वचेतून श्वास घेतं, कोरड्या हातांत तळमळतं.

काहीच सापडलं नाही तर मुंग्या आहेतच. रांगेपासून वीतभर अंतरावर साखरेचे चार दाणे ठेवा आणि थांबा. एखादी मुंगी तिथवर भरकटते, दाणा चाखते, परत जाताना वासाची खूण सोडते, आणि थोड्या वेळात तिकडे दुसरी रांग लागते. दहा ते वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ मुलं बसत नाहीत असं वाटतं. पण पहिली मुंगी कोणाच्या दाण्याकडे जाते, यावर पैज लावली की बसतात.

पकडलेला जीव बरणीत दहा मिनिटं, तेही सावलीत. उन्हातली बंद बरणी काही मिनिटांत भट्टी होते. मग जिथून घेतला तिथेच सोडा.

पक्ष्यांचं ठरवलं असेल तर मर्लिन हे ॲप आवाजावरून पक्षी सुचवतं. झाडं आणि किडे ओळखायला सीक आहे. फोन मात्र एका मोठ्याच्या खिशात ठेवा. ॲपवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका. तो आपल्या हद्दीत दुसरा कोणी शिरला असं समजून घरटं सोडून येतो.

सावधान, डंख: मधमाशी चावली आणि काटा आत दिसला तर ताबडतोब नखाने खरवडून काढा. उशीर केला तर विष जात राहतं. साबणाने धुवा, गार पाण्याची घडी ठेवा. ओठ किंवा चेहरा सुजणं, अंगभर गांधी उठणं, उलटी, श्वासाला त्रास, यांपैकी काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका; लगेच रुग्णवाहिका बोलवा.

वीस-पंचवीस मिनिटं, हात आणि खाणं. आधी साबण आणि पाणी, वीस सेकंद. मातीने माखलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही. मग केक आणि खाऊ. उघड्यावर नासणारे पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तासापेक्षा जास्त ठेवू नका. द्राक्षं लहानांना उभी चिरून द्या. पेल्यांना झाकण लावा. गोड पेयात गांधीलमाशी शिरते आणि मूल न बघता तोंडाला लावतं. वाऱ्यात मेणबत्त्या टिकत नाहीत, सरळ वगळा. उरलेला पाव-केक बदकांना घालू नका. त्यांना त्यातून पोषण मिळत नाही आणि उरलेलं पाण्यात कुजतं.

शेवटची अर्धी घटका, म्हणजे बारा-पंधरा मिनिटं, रोप लावायला. त्यानंतर घरी.

७. रोप लावताना

वाढदिवसाला झाड लावणं लोकांना फार आवडतं. फोटो निघतो, महिन्याभरात झाड वाळतं, आणि हे मुलाच्या लक्षात राहतं. म्हणून आधी स्वतःला विचारा: पुढची दोन वर्षं या झाडाला पाणी कोण घालणार? उत्तर नसेल तर जमिनीत झाड लावू नका, कुंडीत लावा.

कुंडीसाठी लिंबाचं रोप उत्तम. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर काही मोठी फुलपाखरं अंडी घालतात. त्यांची लहान अळी थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि डिवचली तर डोक्यामागून दुभंगलेलं, वास मारणारं लालसर-नारिंगी शिंग बाहेर काढते. रोप घेताना त्यावर कीटकनाशक मारलं आहे का, ते विचारून घ्या. मारलेलं असेल तर अळ्या येतील आणि मरतील. अळ्यांनी पानं खाल्ली तर रागवायचं नाही, त्याचसाठी लावलंय.

जमिनीत लावायचं तर त्याच भागात आपणहून वाढणारी जात आणि गुडघ्याएवढं रोप घ्या. पुरुषभर उंचीचं झाड फोटोत छान दिसतं, पण लहान रोप लवकर रुजतं. क्रम असा:

खड्डा आदल्या दिवशी मोठ्यांनी खणायचा. रुंदी मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीनपट, खोली गोळ्याइतकीच. बहुतेकजण उलटं करतात, अरुंद आणि खोल. खोल खड्ड्यात रोप खचतं आणि बुंधा मातीत कुजतो.

रोप खड्ड्यात ठेवण्याच्या तासभर आधी त्याला पाणी द्या. पिशवी कापून काढा. बुंध्याला धरून ओढू नका, आणि पिशवीसकट तर कधीच पुरू नका. गोलगोल वेढे घेतलेली मुळं बोटांनी मोकळी करा.

बुंधा आणि मुळं जिथे जुळतात ती जागा जमिनीच्या पातळीला आली पाहिजे. उत्सवमूर्तीने रोप सरळ धरायचं, बाकीच्यांनी आळीपाळीने मूठमूठ माती टाकायची. माती हातांनी दाबा, बुटांनी तुडवू नका. भोवती आळं करा आणि पाणी सावकाश ओता. वर पाचोळ्याचा पाच ते आठ सेंटिमीटरचा थर द्या, बुंध्यापासून चार बोटं लांब.

तपासा: रोपाचा मूळ-बुंध्याचा सांधा वरून दिसतोय का? दिसत नसेल तर आत्ताच वर घ्या, उद्या जमणार नाही.

८. निघताना काय द्यायचं

पेल्यातलं रोप आणि सुरुवातीला घेतलेला पानाचा ठसा, एवढं पुरे. मासा, कासव, पक्षी, कोष असला कोणताही जिवंत प्राणी रिटर्न गिफ्ट म्हणून देऊ नका; समोरच्या घराला न विचारता वीस वर्षांची जबाबदारी देण्याचा प्रकार आहे. विकत आणलेली फुलपाखरं सोडण्याचा समारंभही टाळा. प्रवासात ती अर्धमेली होतात, आणि रोग असेल तर तिथल्या फुलपाखरांत पसरतो.

रोपाबरोबर चिठ्ठी जोडा: कशाचं आहे, किती ऊन लागतं, मोठ्या कुंडीत कधी हलवायचं. चिठ्ठीशिवाय दिलेलं रोप पालक कौतुकाने न्हाणीघराच्या खिडकीत ठेवतात.

९. त्या रात्री आणि पुढे

घरी गेल्यावर मुलाचे केस, कानामागची जागा, काखा, गुडघ्यांच्या खोबणी नीट बघा. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेजवळ धरून सरळ वर ओढा. पिळू नका, तेल लावू नका, काडी लावू नका. इतर पालकांनाही तेवढा निरोप पाठवा. पुढच्या काही दिवसांत मुलाला ताप आला किंवा त्या जागी पुरळ उठलं तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

बरण्या रिकाम्या झाल्या का, ते झोपण्याआधी मोजा. एखादी दप्तरात राहून जाते.

जमिनीत लावलेल्या झाडाला पहिले दोन आठवडे रोज किंवा एक दिवसाआड, मग पहिलं वर्ष पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाणी. रोज तांब्याभर शिंपडलं तर मुळं वरवरच राहतात. बोट मातीत दोन पेरं घाला. खाली ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको. ही बोट घालून बघायची तपासणी मुलाकडे सोपवा, झारी मात्र पहिले काही महिने तुमच्या हातात ठेवा. मुलं झाडं कोरडी ठेवून मारत नाहीत, पाणी घालघालून मारतात.